विद्यापीठाच्या बागेंतील एक वेल

मी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यापुढें अध्यापनाचें प्रमाणपत्र, आणि त्यापुढें पुष्कळ वर्षें खडू व फळा, एवढीच माझी विद्या. अशा माणसानें विद्यापीठाविषयीं बोलावें, हें पुष्कळांना धाडसाचें वाटेल. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, मी विद्यापीठांत शिकण्यासाठीं गेलों नव्हतों. तेथील बाग पाहण्यासाठीं गेलों होतों. परंतु परतलों तेव्हां एक धडा शिकून परतलों; आणि तो धडा असा होता कीं, जो मींच कित्येक वर्षांपूर्वीं एका मुलाला चुकीचा शिकविला होता. आजचें माझें हें भाषण म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे, असें आपण समजावें.

माझें गांव जेऊर. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील हें गांव पुणें-सोलापूर लोहमार्गावर आहे. पुण्यामुंबईच्या मंडळींनीं तें पाहिलें असेल तर बहुधा गाडीच्या खिडकींतून, आणि तेंहि अर्धवट झोपेंत. येथून कुर्डुवाडीला गाडी बदलली, कीं पंढरपूर, सांगोला, मिरज करीत कोल्हापूर गांठतां येतें. माझ्या लहानपणीं कुर्डुवाडीपासून पुढें अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ‘बार्शी लाइट’ या नांवानें ओळखली जाणारी चिमुकली गाडी धांवत असे. त्या मार्गाचा कुर्डुवाडी-बार्शी हा पहिला भाग १८९७ सालीं सुरू झाला, आणि मिरजेपर्यंत रूळ पोहोंचले ते १९२७ सालीं. आतां तेथें रुंद रूळ आले आहेत. गाडीचा वेग वाढला. पण चालत्या गाडींतून उतरून बोरें वेंचावीं आणि पुन्हां तिच्यांत चढावें, ही आमच्या बालपणची मौज मात्र गेली.

माझी पुतणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र शिकते. गेल्या भाद्रपदांत तिनें मला कळविलें, “तात्या, अंबाबाईच्या दर्शनाला येणारच आहांत, तर एक दिवस जास्त राहा. आमची बाग दाखवितें.” मीं मनांत म्हटलें, बागेंत काय पाहायचें? चार गुलाब, दोन शेवंती, आणि ‘फुलें तोडूं नयेत’ अशी एक पाटी! परंतु मुलीचा आग्रह मोडवेना.

कोल्हापूर हें शहर जुनें व पुण्यवान्. अंबाबाईचें प्राचीन देऊळ, रंकाळ्याचा विस्तीर्ण तलाव, पंचगंगेचा घाट, हीं सारीं आपण जाणतांच. मला मात्र त्या शहरांत पाऊल टाकतांच प्रथम आठवण होते ती शाहू छत्रपतींची. १९१७ सालीं त्यांनीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें ठरविलें. ज्या प्राथमिक शाळेनें मला आयुष्यभर पोटाला दिलें, तिचें ऋण असें दूरवर कोठें तरी पोहोंचतें. म्हणून देवीच्या दर्शनानंतर त्यांच्या पुतळ्यापुढें उभें राहून हात जोडले, आणि मग आम्ही शहराच्या पूर्वेस विद्यापीठाकडे निघालों.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्तें या विद्यापीठाचें उद्घाटन झालें, डॉ. आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरु. २००४ सालीं सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळेपर्यंत आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयेंहि याच विद्यापीठाच्या छत्राखालीं होतीं. म्हणजे माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या मुलांनीं पुढें पदव्या मिळविल्या, त्यांच्या पदवीपत्रांवर याच विद्यापीठाचा शिक्का होता. त्या मुलांचे पेढे मीं अनेकदां खाल्ले. परंतु त्या शिक्क्याचें घर पाहण्याचा योग साठी उलटल्यावर आला. मुख्य इमारतीसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. तेथें पायांतील वहाणा काढूं लागलों, तेव्हां पुतणी हंसून म्हणाली, “तात्या, हें देऊळ नव्हे.” मी म्हणालों, “बाळ, तुझ्यासाठीं नसेल.”

विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांच्या आसपास आहे, आणि मूळची जमीन माळाची. असा माळ मला परका नाहीं. ज्या जमिनीवर कुसळांखेरीज कांहीं उगवत नाहीं असें लोक म्हणतात, त्या जमिनीवर आमचा जन्म गेला. त्यामुळें तेथील गर्द झाडी पाहून आनंद झाला, तसा थोडा हेवाहि वाटला.

आतां विद्यापीठाला बाग कशासाठीं, असा प्रश्न माझ्याप्रमाणें आपल्यापैकीं कोणाच्या मनांत आला असेल. त्याचें उत्तर मला पुतणीनें दिलें. इटलींतील पादुआ येथील विद्यापीठानें १५४५ सालीं एक बाग लावली, आणि ती आजहि आपल्या मूळच्या जागीं आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पति प्रत्यक्ष ओळखतां याव्या, हा तिचा हेतु होता. त्या काळीं एका मुळीऐवजीं दुसरी मुळी विकण्याचे प्रकार फार चालत, आणि चुकीची मुळी म्हणजे रोग्याच्या जिवाशीं गांठ. तेव्हां पुस्तकांतील नांव आणि जमिनींतील झाड यांची एकमेकांशीं ओळख पटवून देणारी जागा, ती विद्यापीठाची बाग. आपल्या देशांतहि कलकत्त्याजवळ शिबपूरची प्रसिद्ध बाग १७८७ सालीं स्थापन झाली. ती विद्यापीठाची नव्हे, कंपनी सरकारची. आणि तेथें दृष्टि व्यापाराकडे अधिक होती. परंतु विल्यम रॉक्सबर्ग यांच्यासारख्या माणसानें तेथें बसून या देशाच्या वनस्पतींची जी मोजदाद केली, ती आजहि उपयोगी पडते. या रॉक्सबर्गांचें नांव आपण जरा लक्षांत ठेवावें. पुढें त्यांची गांठ पडणार आहे.

कोल्हापूरच्या या बागेला केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानें ‘लीड बोटॅनिक गार्डन’, म्हणजे अग्रणी वनस्पति-उद्यान, म्हणून मान्यता दिलेली आहे. आम्ही आंत शिरलों तेव्हां नुकतीच सर येऊन गेली होती. ताड-माडांच्या कुळांतील नाना जाति तेथें ओळीनें उभ्या होत्या. नारळ, शिंदी आणि सुपारी एवढ्यांवर ज्याचें ज्ञान संपतें, त्या मला एका कुळाचा एवढा गोतावळा असतो हें ठाऊक नव्हतें. पुढें सायकस, डायनोसॉर नांवाचे प्रचंड प्राणी पृथ्वीवर वावरत होते त्या युगांतहि याचे पूर्वज होते, असें कळल्यावर मीं त्याच्या काटेरी पानाला हळूच हात लावून पाहिला. टाक्यांतून पाणवनस्पति होत्या. प्रत्येक झाडापाशीं पाटी. तिच्यावर नांव, कुळ आणि मूळ ठिकाण. जन्मभर हजेरीपत्रक भरण्याचें काम केलें असल्यामुळें मला हा प्रकार फार आवडला. येथें कोणी ‘गैरहजर’ नव्हतें, आणि कोणी ‘बिनकामाचें’ तर नव्हतेंच नव्हतें.

नंतर पुतणीनें मला जाळीच्या छपराखालीं ठेवलेल्या कुंड्यांकडे नेलें. “तात्या, आमच्या बागेचें खरें वैभव येथें आहे,” ती म्हणाली. मीं पाहिलें तों लहान लहान कुंड्या, काड्यांवर चढविलेल्या सडपातळ वेली, आणि त्यांवर बोटाच्या पेराएवढालीं हिरवट-जांभळीं फुलें. एवढेंच वैभव? मग तिनें एका वेलीचें फूल न तोडतां माझ्या डोळ्यांपुढें धरलें, आणि मी चष्मा पुसून पाहूं लागलों.

श्रोतेहो, त्या फुलाचें वर्णन मला शब्दांनीं करावें लागत आहे. तळाशीं एक फुगीर कुपी; तिच्यावर बारीक नळी; नळीच्या तोंडाशीं पांच पाकळ्या; आणि त्या पाकळ्यांचीं टोकें वर पुन्हां एकत्र जुळलेलीं. त्यामुळें पांच खिडक्यांचा एक इवलासा कंदील तयार झालेला. मराठींत या वेलींना ‘कंदीलपुष्प’ म्हणतात, तें अगदीं सार्थ आहे. शास्त्रीय नांव सेरोपेजिया. लिनियस यांनीं तें १७५३ सालीं दिलें. मेण आणि कारंजें अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्यांत आहेत. त्यांना त्या फुलांत मेणाचें कारंजें दिसलें, आपल्या माणसांना कंदील दिसला. ज्याच्या घरीं जें, तें त्याच्या डोळ्यांत!

हा कंदील नुसता शोभेचा नाहीं. फुलाच्या वासानें एखादी बारीक माशी खिडकींतून आंत येते. आंतील भाग गुळगुळीत, त्यामुळें पाय घसरून ती नळींतून खालच्या कुपींत पडते. नळीच्या आंत बारीक केस असतात, आणि त्यांचीं टोकें खालच्या दिशेला. म्हणजे जाण्यास वाट आहे, परतण्यास नाहीं. माशी बिचारी कुपींत फिरत राहते. ही वेल रुईच्या कुळांतील असल्यामुळें हिचा पराग भुकटीसारखा नसून त्याचीं इवलीं गांठोडीं असतात; तीं माशीला चिकटतात. मग कांहीं काळानें नळींतील केस सुकतात, दार उघडतें, आणि माशी आपलें गांठोडें घेऊन सुखरूप बाहेर पडते. दुसऱ्या फुलांत पुन्हां फसते आणि तें गांठोडें तेथें पोहोंचतें करते. मारायचें नाहीं, खायचें नाहीं. थोडा वेळ अडकवून ठेवायचें आणि काम झालें कीं सोडून द्यायचें. मी पुतणीला म्हणालों, “ही तर आमची शाळाच झाली. मुलांना आंत घ्यायचें, दार लावायचें, आणि थोडी विद्या चिकटली कीं सोडून द्यायचें!”

भारतांत कंदीलपुष्पाच्या पन्नासांहून अधिक जाति आहेत. त्यांतील पुष्कळशा जगांत इतरत्र कोठेंहि नाहींत, आणि त्यांचें मुख्य माहेर म्हणजे आपला सह्याद्रि. कांहीं तर एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्या आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीवर सांपडलेल्या एका जातीचें नांव त्या डोंगरावरूनच ठेवलें आहे. शास्त्राला तिची ओळख पटली ती २००६ सालीं. दुसऱ्या एका जातीला पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. महाबळे यांचें नांव दिलेलें आहे. याच कुंड्यांच्या शेजारीं शिंदळ माकुडी होती. जाड मांसल दांड्यांची आणि तांबड्या चांदणीसारख्या फुलाची ही वनस्पति महाराष्ट्राच्या मोजक्या डोंगरकड्यांवरच उगवते, आणि तिच्या शास्त्रीय नांवांत मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची आठवण आहे. प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं वर्षानुवर्षें डोंगर तुडवून या वेलींचा शोध घेतला, त्या कुंड्यांत वाढविल्या, आणि रानांत योग्य ठिकाणीं त्या पुन्हां लावण्याचाहि उद्योग केला. प्रा. यादव व प्रा. मिलिंद सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००२ सालीं निघाला आहे. एका जिल्ह्याच्या गवतापाल्याची एवढी कुळकथा लिहिणारी माणसें आपल्यांत आहेत, हें ऐकून मला धन्य वाटलें.

असें पाहत पाहत मी रांगेच्या शेवटीं आलों आणि एका कुंडीपाशीं पाय थबकले. पाटीवर नांव होतें ‘सेरोपेजिया बल्बोसा’. तें नांव मला अपरिचित. पण ती वेल नव्हे. पुतणी सांगूं लागली, “तात्या, ही जात मात्र दुर्मिळांतली दुर्मिळ नाहीं. कोरड्या मुलुखांत ती अजून आढळते. रॉक्सबर्गनीं १७९५ सालीं हिची नोंद केली. हिला जमिनींत कंद असतो, आणि...”

“आणि तो उकडून खातात,” मी म्हणालों.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “तुम्हांला कसें ठाऊक?”

मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. जवळ एक बांक होतें, त्यावर जाऊन बसलों.

श्रोतेहो, १९७२ च्या दुष्काळांत मी दहा-बारा वर्षांचा होतों. आमच्या सोलापूर जिल्ह्यानें त्या वर्षीं काय सोसलें, हें जुन्या माणसांना सांगावयास नको. आई खडी फोडण्याच्या कामावर जाई, आणि सरकारी सुकडीवर आमचे दिवस निघत. त्या दिवसांत आमच्या वस्तीशेजारीं राहणारा एक म्हातारा धनगर मला माळावर घेऊन गेला. वर वेलीचा मागमूस नव्हता. सारें जळून गेलेलें. पण त्याला जागा ठाऊक होती. एका बोराटीच्या जाळीखालीं त्यानें काठीनें माती उकरली आणि लहान कांद्याएवढे, किंचित् चपटे असे चार-पांच कंद काढले. “ही खरपुडी,” तो म्हणाला. “समदी काढायची न्हाई. दोन ऱ्हाऊ द्यायची.” भुकेलेल्या माणसानें दोन राहूं द्यावीत, याचा अर्थ त्या वयांत मला कळला नाहीं. आईनें ते कंद उकडून दिले. ती चव गोड नव्हती, कडूहि नव्हती. ती भुकेची चव होती.

त्यानंतर बारा-चौदा वर्षें गेलीं. मी मॅट्रिक झालों, शिक्षक झालों, धुतलेलें धोतर... नव्हे, इस्त्रीची विजार घालूं लागलों. तालुक्यांतील एका वाडीवर माझी शाळा होती. एके दिवशीं मीं मुलांना सांगितलें कीं, उद्यां प्रत्येकानें एक वेल घेऊन यावें. मुलांनीं काकडी, दोडका, घेवडा, गुळवेल असें पुष्कळ आणलें. एका धनगराच्या मुलानें मात्र फुलासकट एक बारीक वेल आणली, मुळाशीं कंद तसाच. मोठ्या उत्साहानें तो म्हणाला, “गुरुजी, ही खरपुडी. हिच्या फुलांत माशी कोंडून बसतीया. मी बघितलंय.”

आपण नीट ऐकावें. विद्यापीठांत जें मीं साठीनंतर ऐकलें, तें त्या नऊ वर्षांच्या मुलानें मला वर्गांत सांगितलें होतें. त्यानें तें कोणत्याहि पुस्तकांत वाचलें नव्हतें. मेंढरांमागें फिरतांना ओणवें होऊन पाहिलें होतें. आणि मीं काय केलें? तें नांव कानीं पडतांच माझ्या अंगावर कांटा आला. तो दुष्काळ, ती सुकडी, आईचे सोललेले हात, हें सारें त्या मुलानें माझ्या टेबलावर आणून ठेवल्यासारखें झालें. वर्गापुढें आपली गरिबी उघडी पडते कीं काय, अशी एक वेडी लाज वाटली. मी रागानें म्हणालों, “हें पुस्तकांत नाहीं. असलें रानटी कांहीं शाळेंत आणूं नये. बाहेर टाकून दे.”

त्यानें ती वेल बाहेर नेऊन टाकली. पुढें तो शाळेंत येईनासा झाला. माझ्या त्या एका वाक्यामुळेंच तो आला नाहीं, असें मी म्हणत नाहीं. मेंढरांमागें पोर लागतेंच. पण त्या वाक्यानें त्याला थांबविलें नाहीं, एवढें मात्र खरें. शिक्षकानें मुलाला मारलें तर वळ उठतो आणि लोकांना दिसतो. त्याच्या ज्ञानाला ‘टाकून दे’ म्हटलें, तर त्याचा वळ कोणालाच दिसत नाहीं.

पुतणी मुकाट्यानें ऐकत होती. सारें ऐकल्यावर तिनें माझा दोष काढला नाहीं, कीं माझें समाधानहि केलें नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “तात्या, ती वेल तुमच्या माळावर अजून आहे का हो?”

हा प्रश्न घेऊन मी जेऊरला परतलों. गाडींतून येतांना मनाशीं हिशेब मांडला. भीमेवर उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें. पुष्कळांचीं गांवें व शेतें त्या पाण्याखालीं गेलीं, आणि पुष्कळांच्या घरीं त्याच पाण्यानें लक्ष्मी आली. आमच्या तालुक्यांत ऊस आला, केळी आल्या, आणि ती केळी परदेशीं जाऊं लागली. तें पाणी वाईट, असें मी कधींहि म्हणणार नाहीं. ज्यानें १९७२ साल पाहिलें, तो पाण्याला नांवें ठेवणार नाहीं. परंतु मुरमाड माळ यंत्रांनीं फोडून सपाट झाले, बोराटीच्या जाळ्या उपटल्या गेल्या, आणि त्यांच्या आधारानें वाढणाऱ्या वेली कोठें गेल्या, याची कोणीच मोजदाद केली नाहीं. जें कोणाच्या सातबारावर लिहिलेलें नसतें, तें नाहींसें झालें तरी त्याची तक्रार कोण करणार?

तीन दिवस मी माळोमाळ हिंडलों. मिळालें कांहीं नाहीं. गुडघे मात्र दुखूं लागले. शेवटीं सुचलें, कीं ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारावें. पावसाळ्यांत धनगर मंडळी घरच्या माळावर असतात. दिवाळीनंतर मेंढरें घेऊन दूर जातात. चौकशी करीत गेलों, आणि तो मला भेटला. आतां पन्नाशीला आलेला, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. मला त्यानें लांबूनच ओळखलें. मीं विचारलें, “खरपुडी कोठें मिळेल?”

तो हंसला. “गुरुजी, तवा तुमीच म्हनला हुता, भाईर टाकून दे म्हून.”

म्हणजे तो विसरला नव्हता! मीं त्याला कोल्हापूरची सारी हकीकत सांगितली. विद्यापीठांत कुंडी आहे, तिला पाटी आहे, आणि फुलांत माशी कोंडून बसते हें तूं सांगितलेंस तें अक्षरशः खरें आहे, असें सांगितलें. माझें चुकलें, असेंहि सांगितलें. तो थोडा वेळ मेंढरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “चला.”

ओढ्याच्या कडेला एक निवडुंगाची जुनी जाळी होती. नांगर तेथें पोहोंचला नव्हता. त्यानें काठीनें फांदी बाजूला केली. आंत, कांट्यांच्या मधोमध, ती वेल निवडुंगावर चढली होती, आणि तिच्यावर तीन कंदील लागले होते. खालच्या पेराशीं दोन बारीक शेंगा जोडीनें उभ्या होत्या. त्या वाळून फुटल्या, कीं रुईप्रमाणेंच रेशमी झुबक्यांचें बीं वाऱ्यावर निघतें. आपण त्याला म्हातारी म्हणतों. मीं हात लावला नाहीं. पुतणीला विचारलें होतें, कीं सांपडली तर तुमच्या बागेसाठीं पाठवूं का? ती म्हणाली होती, “नको तात्या. आमच्याकडे आहे ती हरवलीच तर उपयोगी पडावी म्हणून. जेथें हरवलेली नाहीं, तेथें तिला राहूं द्या.”

शाळेंत येऊन मुलांना ही गोष्ट सांग, असें मीं त्याला म्हणून पाहिलें. “मेंढरं कुनाच्या हवाली करू?” तो म्हणाला. तेंहि बरोबर होतें. म्हणून सध्यांच्या गुरुजींना सांगून आम्ही शाळाच त्याच्याकडे नेली. वीस-बावीस मुलें ओढ्याच्या कांठीं बसलीं, आणि त्यानें त्यांना कंदील दाखविला, माशी दाखविली, कंद कोठें असतो तें सांगितलें, आणि शेवटीं बजावलें, “उकरायचं न्हाई. उकरायची येळ आलीच, तर दोन ऱ्हाऊ द्यायची.” मी मागें मुलांच्या रांगेंत बसून ऐकत होतों. चार दशकें चुकलेला तास त्या दिवशीं भरला.

श्रोतेहो, आपण बहुतेक शहरांतील सुशिक्षित मंडळी आहांत. आपल्या शहरांत किंवा जवळपास एखादें विद्यापीठ अगर महाविद्यालय असेल, आणि त्याला अशी बागहि असेल. सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन तेथें जावें. आधीं परवानगी विचारावी, फूल तोडूं नये, आणि मोठीं झाडें पाहून झाल्यावर लहान कुंड्यांपाशीं थोडें अधिक थांबावें. मोठ्या झाडाकडे सर्वांचें लक्ष जातें; कुंडींतल्या वेलीकडे पाहायला खालीं वांकावें लागतें. आणि आपल्या घरीं दूध घालणारा, भाजी विकणारी, बांधकामावर राबणारा असा जो कोणी खेड्यांतून आलेला असेल, त्यालाहि एकदां विचारून पाहावें, कीं तुमच्याकडे रानांत काय उगवतें? जें तो सांगेल तें पुस्तकांत नसेल. तेवढ्यावरून तें टाकून देऊं नये.

आपणांपैकीं कोणी विचारील, कीं ती वेल नेमकी कोठें आहे? तें मात्र मी या ध्वनिक्षेपकावरून सांगणार नाहीं. तें एका धनगराला ठाऊक आहे, बावीस मुलांना ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तेवढे राखणदार तिला पुरे आहेत.